मधली खुर्ची

प्रिय धाकट्या,

तू नवे स्पीकर गुरुवारी परत पाठवतोयस, ही बातमी आज पक्की झाली. पहिल्यांदा ती काल तुझ्या बायकोने फोनवर दिली. पण रेडिओ केंद्रात चौतीस वर्षं काढलेल्या बाईला एका तोंडची बातमी पचत नाही, म्हणून आज सकाळी दुकानाच्या मॅनेजरलाच विचारलं. हो, गुरुवारी अकराला माणसं येतील, म्हणाला. दुसरी जोडी देऊ का विचारलं तर साहेब नको म्हणाले, असंही म्हणाला. ते 'नको' माझ्या मनात रुतून बसलं. तुझ्या बायकोला पुन्हा फोन केला, तेव्हा तिने उरलेलं सांगितलं. ते सगळ्यात शेवटी लिहिते, कारण त्याआधी बरंच काही लिहायचं आहे. फोनवर मी भलतंच बोलून बसेन. समोरच्या शिक्षिकाबाई उद्या तुमच्याच बाजूला जातात, त्यांच्याबरोबर हे पाठवतेय. उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात पडेल.

स्पीकर घ्यायचं चाललंय हे मला कधी कळलं, माहीत आहे? तिसऱ्या शनिवारी. तोवर तू आणि जावईबापू दोन शनिवार त्या दुकानात बसून आला होतात. उंच सडपातळ जोडी, लाकडी पेटीची जोडी, आणखी एक पांढरी, सगळं ऐकून झालं होतं. तुझी बायको सहज बोलून गेली आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थेट परवापर्यंत. म्हटलं, याला धड चालता येत नव्हतं तेव्हापासून मी याला ऐकायला शिकवलं, आणि आज याला कान लागतात ते लेकीच्या नवऱ्याचे! मी त्याचं नाव 'मोजपट्टी' ठेवलंय, हेही कबूल करते. माणूस वाईट नाही. पण फोनला बोटभर माईक लावून खोलीत फिरतो आणि पडद्यावरची रेघ बघून सांगतो की आवाज चांगला आहे. असं बघून सांगतात का कधी?

आपले जुने ठोकळे, म्हणजे घरी केलेले स्पीकर, तू दहावीत असताना केले होते. केंद्राच्या भंगारातून मी स्पीकरचे दोन कोन, ते थरथरणारे कागदी शंकू, रीतसर चिठ्ठी लिहून आणले, बाबांनी प्लायच्या पेट्या ठोकल्या, आणि वायरींना सोल्डरचा डाग देताना तू माझी ओढणी जाळलीस. लावून झाल्यावर मी तुला मधल्या खुर्चीवर बसवलं. डोळे मीट, म्हटलं, आणि गाणारी बाई कुठे उभी आहे ते बोटाने दाखव. तू बरोबर मध्ये, दोन्ही ठोकळ्यांच्या मधल्या रिकाम्या भिंतीकडे बोट केलंस. तिथे काहीच नव्हतं, फक्त कॅलेंडर. 'ताई, ती तिथे आहे,' म्हणालास. मला आयुष्यात बढत्या मिळाल्या, केंद्राने शाल दिली, पण त्या बोटाची सर कशालाच आली नाही.

त्यानंतर मधली खुर्ची माझी झाली. घर बदललं, खुर्ची बदलली, तरी रविवारी मी आले की तू उठायचास. ज्याच्या कानावर निर्णय, त्याची ती जागा, हा आपल्या घरातला कायदा. आणि परवाच्या रविवारी, नवे स्पीकर लागल्यावर, मी चपला काढून आत येते तो मधल्या खुर्चीवर मोजपट्टी. आयत्या बिळावर नागोबा. खुर्चीच्या पायांना जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणासुद्धा केलेल्या. 'आत्या, तुम्ही सोफ्यावर बसा ना, आरामात,' म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला म्हणतात ना, तसं. आणि तूही माझ्यासाठी सोफ्यावरची उशी सरकवलीस. बाल्कनीकडे पाहिलं तर आपले ठोकळे तिथे पडलेले, एकावर कुंडी, दुसऱ्यावर झारी.

मग त्याने गाण्याची एक तबकडी लावली. आवाज सुरेख होता, खोटं कशाला बोलू. गाणारी बाई मध्ये उभी होती, सोफ्यावरूनही कळत होतं. शेवटी तो म्हणाला, आता ऐका, अगदी मागे बारीक घुंगरू वाजतात. तू मान डोलावलीस. तुझी बायको, जिला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, तिनेही डोलावली. लेक म्हणाली, अय्या, हो. मीही डोलावली.

मला घुंगरू ऐकू आले नाहीत, धाकट्या. एकही नाही.

तुम्ही सगळे चहाला आत गेलात. मी बाहेरच बसले, आठवतं? गुडघ्याचं निमित्त सांगितलं होतं. मी उठले, डाव्या स्पीकरच्या मागे हात घातला आणि दोन वायरींची अदलाबदल केली. लाल काळ्याच्या जागी, काळी लालच्या. वीस सेकंदांचं काम. हीच चूक शोधण्याचा मी उभा जन्म पगार घेतला. उजवा कोन पुढे येतो तेव्हा डावा मागे जातो, दोघे एकमेकांचं काम बुडवतात, आणि मध्ये उभा असलेला माणूस विरघळून जातो. केंद्रात कोणाकडून अशी उलटी जोडणी झाली की मी कॉरिडॉरमधून जाताना ओरडायचे. मला एवढंच बघायचं होतं की मोजपट्टीला कळतं का. त्याला कळलं नसतं आणि मग तू माझ्याकडे वळला असतास. मग मी उठून, सगळ्यांदेखत, ते दुरुस्त केलं असतं. असा माझा बेत. साठी उलटलेल्या बाईचा.

तुम्ही चहा घेऊन परतलात, तबकडी पुन्हा लागली, आणि त्याला खरंच कळलं नाही. त्याने पुन्हा माईक लावला, आधी एक स्पीकर, मग दुसरा. एकेकटा मोजला तर दोन्ही शहाणेच. वायरी तर त्याने स्वतः जोडलेल्या, त्या पुन्हा कशाला बघेल. पण तुला कळलं. तू डोळे मिटलेस, आणि मला वाटतं तुझ्याही नकळत तुझं बोट वर आलं. ते मध्ये गेलं, डावीकडे गेलं, परत फिरलं आणि तसंच हवेत राहिलं. मग तू माझ्याकडे बघितलंस.

'ताई, मधला माणूस गेला का गं?'

जावईबापू हसले, बाबा, मी मोजलंय, म्हणाले. तू तरी माझ्याकडेच बघत होतास. म्हणजे मला हवं होतं तेच झालं होतं, अगदी हवं तसं. आणि मी म्हटलं, मला तर छान वाटतंय. का म्हटलं, ते मी तीन दिवस शोधतेय. घुंगरांचा राग होता. तुझं बोट अजून चालतं, आणि ते चालवायला आता माझी गरज नाही, याचा राग होता. जावयाचा हेवा मी उघडउघड करत होते. तुझाही करतेय, हे मला त्याच घटकेला कळलं. वायर मी बदलली तो नुसता पोरकटपणा. खरं पाप ते एक वाक्य.

कारण तुझ्या बायकोने आज उरलेलं सांगितलं ते हे. तू तिला म्हणालास, ताईला छान वाटलं म्हणजे स्पीकर चांगलेच आहेत, माझेच कान गेले, आता दुसरी जोडी घेऊन तरी काय करू. तबकड्यासुद्धा वाचनालयाला देऊन टाकतो म्हणालास. आणि शनिवारी दहा वाजता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीस. माझ्या शब्दावर तू स्वतःच्या कानांवरचा विश्वास सोडलास, धाकट्या. म्हणून हे पत्र. तुझे कान शाबूत आहेत. त्या खोलीत पाच माणसं होती, त्यातल्या एकालाच बरोबर ऐकू आलं.

आता काय करायचं ते ऐक. हे वाचून झालं की लगेच डाव्या स्पीकरच्या मागच्या वायरी सरळ कर. मधल्या खुर्चीवर स्वतः बस, कुणालाही उठवावं लागलं तरी. डोळे मीट. बोट कुठे जाईल ते मला माहीत आहे. मग दुकानाला फोन कर, म्हणजे गुरुवारी माणसं फुकट यायची नाहीत. जावईबापूंना काय सांगायचं ते तू ठरव. खरं सांगितलंस तरी मी तोंड लपवणार नाही. ठोकळ्यांवरची झारी मात्र काढ. आणि शनिवारची डॉक्टरांची वेळ रद्द करू नकोस, फक्त नाव बदलून माझं सांग. साडेनऊला मी तयार असेन. न्यायला तू ये, आणि रस्त्यात माझ्या डाव्या बाजूने चाल. उजवीकडून बोललास तर मी पुन्हा नुसतीच मान डोलवेन.

खुर्चीवरून उठलेली, तरी तुझीच,
ताई