आबा, ती पट्टी ठेवू का काढू?

आबा,

सप्रेम जय भीम. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि हे पहिलं पत्र लिहितेय ते उद्यमनगरात, सलीमभाईंच्या गॅरेजमधल्या डुगडुगत्या बाकावर बसून, मुलांच्या चाचणी परीक्षेच्या कोऱ्या पुरवणीवर. पत्र लिहायचं असं काही ठरवलं नव्हतं. तुमच्या आठवणीनं गहिवरून वगैरे तर अजिबात आलेलं नाही. संताप आलाय. आणि ज्याच्यावर आलाय तो माणूस समोर नाही, म्हणून हा कागद!

झालं असं, की आईचा दमा वाढलाय. दर आठवड्याला तिला राजारामपुरीत डॉक्टरांकडं न्यावं लागतं. रिक्षात बसली की पुढच्या वाहनाच्या धुरानं ती आणखी खोकते. म्हणून मी गाडी शिकले. होय, मीच! ‘तुझ्यानं क्लच सुटायचा न्हाय’ असं तुम्ही म्हणाला होतात ना? सुटतोय. आणि तुमची लाडकी डिझेल गाडी, जी आठ महिने चादर पांघरून दारात उभी होती, ती आज सर्व्हिसिंगला आणली. सलीमभाईंनी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि तिथूनच ओरडले, “ताई, आबांची पट्टी घावली की! ठेवू का काढू?”

तुम्ही असता तर हा प्रश्न विचारायची त्यांची छाती झाली नसती. आता विचारतात, आणि उत्तर मी द्यायचं. संध्याकाळपर्यंत.

किती भांडलो हो आपण या पट्टीवरून! तीन वर्षं! घरात दुसरे विषय नव्हते का?

सुरुवात कोकणातल्या त्या लग्नाहून येताना झाली. घाटात चढाला गाडीनं मान टाकली. मागं हा एवढा काळा धूर, आणि मागच्या बसमधले लोक खिडकीतून डोकी काढून आपला उद्धार करत होते. कशीबशी मलकापूरला आलो. तिथल्या मेकॅनिकनं पाहिलं आणि सांगितलं, “ईजीआरची झडप काजळीनं गच्च झालीया. पट्टी मारून बंद करा, कटकट मिटंल.” तुम्ही विचारलंत, “ही झडप करतीया काय?” तो म्हणाला, “इंजिनाचा धूर थोडा परत इंजिनालाच पाजतीया.”

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. जसं काही त्यानं तुमच्यावर चोरीचा आळ घेतला! “म्हंजे सोताचंच उष्टं सोताला? कुठल्या शहाण्यानं काढलं हे?”

आम्ही हसलो. आईसुद्धा हसली. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात अकरावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवत होते, तेव्हा तुम्ही दारात गाडीखाली झोपून, कुठून तरी पत्र्याचा तुकडा कापून, भोकं पाडून, त्या झडपेचं तोंड बंद केलंत. कुणाला विचारलंत? कुणालाही नाही! साखर कारखान्यात तीस वर्षं डिझेल पंप खोलणारा-बसवणारा फिटर, तो कुणाला विचारणार?

आणि गाडी पळायला लागली, हे तुमचं नशीब. काळा धूर गेला. पिकअप वाढला. मग काय, येईल त्या पाहुण्याला बॉनेट उघडून दाखवायचं.

मी सांगून सांगून थकले. आबा, तो धूर गंमत म्हणून परत पाठवत नाहीत. तो आत गेला की इंजिनातली आग जरा थंड जळते. आग फार तापली तर हवेतला नायट्रोजन जळून विषारी वायू होतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण छातीत जातात. झडप खराब झाली तर साफ करायची, नाही तर नवी घालायची. बंद कशाला करायची?

तुमचं उत्तर ठरलेलं. खिशातून पीयूसीची चिठ्ठी काढायची आणि माझ्या नाकासमोर नाचवायची. “पास हाय! पयल्यापेक्षा भारी पास हाय! बघ, वाच, तू शिकल्याली हाईस न्हवं?”

अहो, ते मशीन नुसता काळा धूर मोजतं! न दिसणारा वायू ते मोजतच नाही! हे मी किती वेळा सांगितलं? यावर तुम्ही म्हणायचात, “जे दिसत न्हाय ते तुझ्या कॉलेजात. हितं दारात जे दिसतंय त्येच खरं.” देव दिसत नाही म्हणून मानायचा नाही असं आयुष्यभर सांगत आलेला माणूस तुम्ही, आता वायूलाही तोच न्याय लावलात! बोलणार काय कप्पाळ!

आणि रोज सकाळी दहा मिनिटं गाडी सुरू करून ठेवायची, तीही स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. आत आई भाकऱ्या थापतेय आणि खोकतेय. समोरच्या कमलमावशी खिडकी लावून घ्यायच्या. मी म्हणायची, आबा, निदान गेटाबाहेर तरी लावा. “थंड इंजिन वडायचं नसतंय!” संपला विषय. पट्टीमुळंच आईचा दमा वाढला असं मी आजही म्हणणार नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत; चूल, धूळ, वय, काहीही असू शकतं. पण कमी करता येत होतं ते तरी करायचं होतं की नाही?

मग तो रविवार आला. मामा जेवायला होते, आणि तुम्ही पुन्हा पट्टीचं पुराण लावलंत. आणि मी बोलून गेले, “आबा, तुम्ही फिटर आहात. केमिस्ट्री मला शिकवू नका.”

बोलले आणि जीभ चावली. ज्या माणसानं मला सायन्सला घालायचं म्हणून डबल पाळ्या केल्या, त्याला मी हे मामांसमोर सुनावलं. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हातातला घास खाली ठेवलात आणि हळू आवाजात म्हणालात, “सुजा, मी सात-आठ वर्षांचा हुतो. माझी आई गावातनं पाटी भरून उष्टं आणायची. त्यातलं मी खाल्लंय. मला ठावं हाय त्येची चव. छप्पन साली दीक्षा घेतली आन् बानं ती पाटी मोडून चुलीत घातली. आता माझ्या दारात कुणाला उष्टं खायला लावायचं न्हाय. मशीन असलं म्हणून काय झालं?”

मग उठलात, मोरीवर जाऊन आपलं ताट घासलंत, पालथं घातलंत आणि बाहेर गेलात.

त्यानंतर मी पट्टीचं नाव काढलं नाही. मला वाटत होतं, तुम्ही चूक आहात आणि तरी तुमच्यासमोर तोंड उघडायचा मला अधिकार नाही. याचा किती राग येतो माहितीय? हरले असते तर चाललं असतं. गप्प बसावं लागलं!

आता आजचं ऐका. सलीमभाईंनी पट्टी दाखवायला म्हणून खोलली, डिझेलच्या फडक्यानं पुसली आणि माझ्या हातात ठेवली. “परत बसवूया असं माझं म्हणणं हाय, ताई. समदे बंदच करून घेत्यात. पर आबांचं काम बघा, काय फिनिशिंग हाय!” एका बाजूला काजळी, दुसरी बाजू चकचकीत. स्टेनलेस स्टील. आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली दोन अक्षरं. ‘शेवं’.

शेवं! शेवंता! आबा, हे आईचं ताट आहे!!

तिच्या माहेरून आलेल्या सहा ताटांतलं हरवलेलं सहावं ताट! ज्यासाठी तिनं माळा उपसला, माझ्या डब्याच्या पिशव्या झाडल्या! कमलमावशींनी बारशाला भांडी नेली होती, तेव्हा तिथंच राहिलं असणार असं धरून आई त्यांच्याशी तीन वर्षं बोलत नाही! संक्रांतीला त्या तिळगूळ घेऊन आल्या, तर हिनं दार अर्धंच उघडलं. आणि तुम्ही? तुम्ही समोर बसून उरलेल्या पाच ताटांतल्या एकात शांतपणे आमटी ओरपत होतात! वर एकदा म्हणालात, “जाऊ दे गं शेवंता, येकाद्या ताटानं काय हुतंय.” शरम नाही वाटली?

मी गॅरेजमध्ये मोठ्यानं हसायला लागले. मग रडू आलं. सलीमभाईंनी न विचारताच चहा मागवला.

आणि ती पट्टी हातात धरून बसले असताना मला तुमचा नियम आठवला. आपल्या घरात पाहुणा सोडला तर कुणाचंच ताट दुसरं कुणी घासत नव्हतं. आईनं तुमचं ताट उचललं तरी तुम्ही चिडायचात. “माझ्या आईनं दुनियेची ताटं घासली. आता हितं ज्येचं ताट त्येनंच धुवायचं.” मी पाच वर्षांची होते तेव्हापासून मोरीवर उभी आहे. जेमतेम वर्षभर सासरी राहिले, तिथंही याच सवयीवरून पहिली कुरबूर झाली, तीही तुमच्यामुळंच.

आबा, ती झडप तेच करते हो! गाडी आपलं ताट आपण धुते. आपली घाण दुसऱ्याच्या दारात न टाकता, जमेल तेवढी स्वतः निस्तरते. तुम्ही तिला उष्ट्यातून सोडवायला गेलात आणि तिचं खरकटं रोज सकाळी कमलमावशींच्या खिडकीत आणि आईच्या छातीत पडत राहिलं. हे तुम्हाला एकदा, फक्त एकदा सांगितलं असतं ना, तर तुम्ही त्याच पावली पाना घेऊन गाडीखाली शिरला असतात. मला पक्कं माहितीय! मग त्या रविवारी हे का सुचलं नाही मला? एवढी केमिस्ट्री शिकून काय उपयोग झाला?

तर सलीमभाईंना सांगितलंय, पट्टी परत बसवू नका. नवी झडप घाला. ते नाराज झाले, म्हणाले, “आबा असते तर...” मी म्हटलं, आबा असते तर त्यांनी स्वतः काढली असती. तुमच्या नावावर एवढं खपवलं, रागावू नका. काजळीबद्दल तुमचं म्हणणं मात्र खरं होतं. आतली नळी डांबर ओतल्यासारखी झालीय. दर सर्व्हिसिंगला मी इथं उभी राहून ती साफ करून घेईन. आणि सकाळी गाडी खिडकीखाली गरम होणार नाही, हा शब्द.

पट्टी पर्समध्ये घातलीय. घरी गेले की आधी कमलमावशींना हाताला धरून आपल्याकडं आणणार, आणि मग दोघींच्या समोर ती ठेवणार. त्यानंतर आई तुमच्याबद्दल जे काही बोलेल ना आबा, ते तिला अगदी दम लागेपर्यंत बोलू देणार आहे. आठ महिन्यांत ती तुमचं नाव घेऊन एक शब्द बोललेली नाही.

तुमची,
आपलं ताट आपण धुणारी,
सुजा