मुद्दाम ठेवलेली खोट

सोमवार, ४
चाळीस वर्षे हिरे घासले. एक डाग राहिला तर मालक खडा अंगावर फेकायचा! आणि आज लेक प्रयोगशाळेतून नखाएवढी हिऱ्याची चकती घेऊन आली — म्हणे हिच्यात खोटच हवी. "बाबा, वरच्या कातडीत मुद्दाम ठेवलीय. तिच्यावर पेशी ठेवायच्या. हिरवा प्रकाश टाकला की खोट तांबडी उजळते. पेशीतल्या लोखंडाचं चुंबकपण त्या उजेडावर उमटतं, त्याचं चित्र निघतं." म्हटले, खोट मागणारे गिऱ्हाईक मला का नाही भेटले? हसली. चकती त्यांच्या यंत्राच्या साच्यात बसत नाही, फक्त कड घासायची. बाहेर दिली तर दोन महिने लागतात. "वरच्या अंगाला बोटही लावू नका हं." मला शिकवते!

मंगळवार, ५
कड झाली. भिंगातून पाहिले तर वरच ओरखडा! असे काम माझ्या हातून जाणार? चाक फिरतच होते. दोनदा टेकवली, बस. आरसा झाला. तिला बोललो नाही. कशाला बोलू?

गुरुवार, ७
प्रयोगशाळेत चकतीवरचे चित्र काळे आले! तिचे साहेब तिला सगळ्यांदेखत म्हणाले, "तीन वर्षं पाण्यात घातलीस." मेल्याला नाचता येईना, अंगण वाकडे! जेवताना म्हटले, तुमचे यंत्रच भिकार असेल. मग विचारले — सहज — ती कातडी जाड किती?
"केसाचे हजार पापुद्रे काढा, बाबा. त्यातल्या एकाहून पातळ."
ताट सारून उठलो.

शुक्रवार, ८
दोनदा टेकवले की असे किती पापुद्रे जातात, मला ठाऊक नाही होय? इतकी नाजूक वस्तू घरी आणतात? आधी नीट सांगायला काय झाले होते!
सांगितले होते.
आग लागो या हातांना. आणि त्या साहेबाच्या जिभेला. सोमवारी जातो त्याच्याकडे. बोल म्हणावे मला, तिला नाही!

रविवार, १०
तिला सांगितले. म्हणाली, "गुरुवारीच कळलं होतं. इतकं सपाट आमच्याकडे कुणालाच जमत नाही, बाबा. तुम्ही जाऊ नका. मीच घासली म्हणून लिहून दिलंय." उद्यापासून तिला कामावर जायचे नाही.