उजवा कौल

८ जून
...गुरवानं दुसरी कळीही ओली करून देवीच्या डाव्या खांद्याला चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. लेकीनं पुण्याला जाऊन गेम बनवायची पदवी घ्यावी का? घ्यावी, तर उजवी दे.
मुरगूडजवळचं आमचं गाव. आप्पा हात जोडून उभे. ते पुण्याला नाहीच म्हणत होते. म्हणून मीच म्हटलं होतं, देवीला विचारा. देवीपुढे ते बोलत नाहीत.
काका मागून, "गेम खेळायला डिग्री लागती व्हय? आमचं पोरगं बिनडिग्रीचं दिवसभर खेळतंय की."
उजवी पडली.
परत येताना आप्पा एवढंच, "झालं. दिला तिनं."

९ जून
आप्पा दुकानात पंप दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येकाला कौल सांगतायत. कोल्हापूरच्या आमच्या मंगळवार पेठेत आता कुणाला सांगायचं राहिलं नसेल. आईनं माळ्यावरून बॅग काढली.
मी बनवतेय त्या गेममधला चेंडू अजून जमिनीतून आरपार जातो. हळू सोडला तर टेकतो. का, कळत नाही.

११ जून
अमितदादाला फोन. शेजारच्या काकूंचा मुलगा, पुण्यात गेम कंपनीत प्रोग्रामर. चेंडूचं सांगितलं. हसला नाही. पडद्यावरच्या दोन चित्रांच्या मधे चेंडू जमीन ओलांडून जातो, म्हणाला. ती त्याला लागतच नाही. गणित करून आधी ओळखावं लागतं.
मग त्यानं कॉलेज विचारलं. सांगितलं.
"नावात गेम हाय म्हणून जाऊ नको. तिथं तयार सॉफ्टवेअर चालवायला शिकवतात. प्रोग्रामिंगला आमच्याकडं तिथली पोरं घेत न्हाईत. साधं कॉम्प्युटर सायन्स घे. कोल्हापुरातच हाय की."
अभ्यासक्रम पुन्हा उघडला. गणित फक्त पहिल्या सत्रात. एवढे दिवस मी त्यातली चित्रंच बघत होते.

१२ जून
आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.
"आप्पांना तूच सांग. मी न्हाय."

१३ जून
दुपारी दुकानात. आप्पा मोटर उघडत होते. सगळं सांगितलं, अमितदादाचंही. हात थांबले नाहीत.
"मग कौल कशाला मागितलास?"
तेव्हा माहीत नव्हतं, म्हटलं.
"तुला नव्हतं. तिलाबी नव्हतं?"
परत विचारू.
"ती काय दुकानदार हाय, बदलून द्यायला?"
गिऱ्हाईक आलं. गेलं. मग मोटरकडंच बघत, "मोडला आणि घरात कुणाला काय झालं, तर? बोल की."
तुझा विश्वास हाय का, असं विचारतील वाटलं. विचारलं नाही.
इथल्या प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. पुण्याचाही.
पुण्याच्या अर्जावर सही माझी लागते, आप्पांची चालत नाही.

१४ जून
सकाळी सहाच्या पुणे एसटीत बसलो. आप्पांनी खिडकीची जागा मला दिली.