रेकॉर्डला न चढलेलं नाव

पिपरी मेघे, वर्धा
गुरुवार, ८ ऑगस्ट २०२४

चि. रोशनी,

सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईची कंबर धरली होती, आता बरी आहे. नागपुरात सुमित्रामावशीकडे तुझी आबाळ होत नसेलच.

हे पत्र रक्षाताईच्या हाती देतो. फोन दोनदा लावला आणि दोन्ही वेळा 'जेवलीस का' विचारून ठेवला. तुझा बाप जेवणाची चौकशी करणारा माणूस नाही, हे तुला ठाऊक आहे.

आधी कामाचं. प्रभाकररावांविरुद्ध लिहिलेली तक्रार देऊ नको. फाडून टाक.

सैनिकाची मुलगी असल्याचं प्रमाणपत्र मागायला सैनिक कार्यालयात गेलो, त्या दिवशी तू टेबलावर हात आपटलास. "ताईचं नाव बाबाच्या डिस्चार्ज बुकात हाये, तिले स्कॉलरशिप भेटली. मंग माह्यंच नाव काऊन नाई? तुमीच गहाळ केलं!" प्रभाकरराव शांतपणे म्हणाले, "पोरी, पलटणीतून नाव आलंच नाई, तं मी कुठून लिहू?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर तू विचारलंस, "बाबा, तुमी काऊन चूप होते?" मी म्हणालो, कारकून लोक असेच असतात. त्या भल्या माणसानं तुला पाणी आणून दिलं होतं.

नाव त्यांनी गहाळ केलं नाही. मी ते कधी दिलंच नाही.

तू झालीस तेव्हा मी आसामात होतो. रक्षा पाच वर्षांची होती. बराकीतले सगळे महिनाभर मागे लागले होते, "थूल, इस बार पेढ़ा खिलाना, बर्फी नहीं चलेगी." मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, ही आपल्याकडची रीत मीच त्यांना शिकवली होती. तुझ्या आईचा फोन आला. "पोरगी झाली. नाक तुमच्यावरच गेलं," म्हणाली आणि हसली. फोन ठेवून वळलो तर दहा-बारा जण माझ्या तोंडाकडे बघत उभे. "क्या हुआ?" माझ्या तोंडून निघालं, "लड़का." कोणी माझ्यावर बंदूक रोखली नव्हती गं. संध्याकाळी मी पेढे वाटले.

मूल झालं की जन्माचा दाखला पलटणीच्या ऑफिसात द्यायचा, मग नाव रेकॉर्डला चढतं. तिथल्या क्लार्कनं माझ्या हातचा पेढा खाल्ला होता. त्याच्यापुढे मुलीचा दाखला कसा ठेवू? पुढच्या सुट्टीत आणतो म्हणालो. मग त्याच्या पुढच्या. बदली झाल्यावर नव्या जागी देता आला असता, पण तिघे सोबतच बदलून आले आणि तिथेही 'निकेश कैसा है' सुरू झालं. होय, मी नावसुद्धा ठेवलं होतं.

तू चालायला लागलीस तेव्हा निकेश चालायला लागला. तू पहिलीत धावण्यात पहिली आलीस, मी मेसमध्ये सांगितलं निकेश पहिला आला. शाबासकीही घेतली. निवृत्तीच्या फॉर्मवर मुलांची नावं विचारली, तेव्हाही एकट्या रक्षाचं लिहिलं. तुला डेंग्यू झाला तेव्हा फौजी दवाखान्यात तुझं नाव नव्हतं, म्हणून खाजगीत नेलं आणि फौजीत फार गर्दी असते म्हणालो. आणि हाच माणूस विहारात 'पोरी शिकवा' म्हणून भाषण देतो. मागच्या वेळी टाळ्या पडल्या, तू पहिल्या रांगेत होतीस. लाज वाटते हा शब्द फार लहान आहे, पण माझ्याकडे दुसरा नाही.

काल सकाळी तुझ्या आईला सांगितलं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. मग म्हणाली, "मले काय सांगून राह्यले? तिले सांगा."

मग कोर्टासमोर प्रतिज्ञापत्र करायला गेलो. टायपिंगवाला म्हणाला, "काका, नजरचुकीनं राह्यलं असं टाकतो. सारे तसंच टाकतात." त्यानं टाकलंही. पण सही करायला हात जाईना. अठरा वर्षं रोज नजरचूक कशी होईल? पुन्हा टाइप करायला लावलं: 'मुलगी झाल्याचे सांगण्याची लाज वाटल्याने नोंद केली नाही.' प्रत सोबत आहे, वाच. दुसरी प्रभाकररावांना नेऊन दिली, हात जोडले. ते म्हणाले, "मले तवाच समजलं होतं. पण बापाले पोरीसमोर कसं पाडू?" त्यांनी लगेच रेकॉर्ड ऑफिसच्या नावानं पत्र करून दिलं.

ते घेऊन आज मी स्वतः तिकडे निघतो. सोमवारपर्यंत ते प्रमाणपत्र कॉलेजात दिलं नाही तर इंजिनिअरिंगची तुझी जागा जाईल, हे मला माहीत आहे. तोवर काम होईलच असं वचन देत नाही, खोटं बोलून झालं आहे. नाही झालं, तर तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं. नशिबाला बोल लावू नको, मला लाव. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

तिथे ऑफिसात विचारतील, काय काम आहे. त्यांना जे सांगणार आहे, ते आधी तुला लिहून देतो. ऐकायचा पहिला हक्क तुझा आहे.

मला मुलगी झाली.

हवालदार अश्वजित थूल (निवृत्त)
रोशनीचा बाप