नोटिशीभोवतीची नक्षी

प्रिय मनाली,

तुझे फोन आले, मी एकही घेतला नाही. तुझ्या आईला तू विचारलंस म्हणे, दादांची तब्येत बरी आहे ना? बरी आहे. गिरणी चालू आहे, मोतीबिंदू काढल्यापासून डोळा स्वच्छ आहे, समोरच्या डोंगरावर कोण गुरं वळतंय तेसुद्धा ओळखू येतं. फोनवर माझा आवाज चढतो, आणि चढला की तू "दादा, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतेस. कागदावर तसं करता येत नाही. तुझ्यासारख्या वकिलाला तर नाहीच. म्हणून लिहितो आहे आणि रागात लिहितो आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, उगाच ओळीओळीतून शोधत बसायला नको.

भागीमावशीच्या शेतातून रस्ता गेला हे तुला माहीत आहे. पण तिथं नाशिकला, गंगापूर रोडवर तुझ्या वकीलसरांच्या ऑफिसात बसून जे कळतं ते कागदावरचं. जमिनीवरचं माझ्याकडून ऐक. ओहोळापलीकडे तिचं घर, घराखाली भाताची खाचरं, आणि त्यांतलं सगळ्यात वरचं राबाचं. राब म्हणजे काय ते तुला सांगायला नको. लहानपणी पालापाचोळ्याच्या पाट्या घेऊन तू तिच्या मागे पळायचीस आणि भाजणीच्या धुरात डोळे चोळत घरी यायचीस. भाताचं रोप तिथंच धरतं, खालच्या खाचरांत पाणी साचून कुजतं. रोपच नसेल तर खालची जमीन काय चाटायची? वैशाखात जेसीबी नेमका त्या राबातून गेला, मागून मुरूम पडला. यंदा तिनं लावणीच्या वेळी शेजारपाजारी रोप मागितलं, उरलंसुरलं पिवळं मिळालं. आता खाचरात लोंबीपेक्षा गवत जास्त आहे. आयुष्यात पहिल्यांदा ती विकतचा तांदूळ खाते आहे, आणि खाताना तोंड वाकडं करते.

वरच्या टेकाडावर, धरणाच्या पाण्याकडं तोंड करून बंगले होणार आहेत. ते बांधणाऱ्या शेठला गाडी दारापर्यंत न्यायची होती. त्यानं तालुक्याला अर्ज केला की इथून पूर्वापार वहिवाटीचा गाडीरस्ता आहे आणि भागीबाईनं तो अडवला आहे. गाडीरस्ता! अगं, त्या बांधावरून आपण एकामागे एक चालतो. समोरून कोणी भारा घेऊन आलं तर एकाला चिखलात उतरावं लागतं. तिथून बैलगाडीसुद्धा कधी गेली नाही, आणि गेली असती तर उलटली असती. पण हे सांगायला सुनावणीला कोणी नव्हतं. निकाल एकतर्फी झाला.

कोणी का नव्हतं? भागीमावशी निफाडला होती, द्राक्षाच्या बागेत. अख्खा पाडा तिकडंच होता. भात झोडून झालं की आपली माणसं खाली उतरतात, होळीला चार दिवस घरी येतात आणि उरलेली खुडणी करायला परत जातात. हे कुत्र्यालाही माहीत आहे, कारण त्या दिवसांत त्याला भाकर मिळत नाही. नोटीस मात्र त्याच दिवसांत निघाली. शिपाई आला, दार बंद दिसलं, दाराशेजारच्या भिंतीला नोटीस चिकटवली, पंचनामा केला, गेला. मी पुस्तकं उघडून बसलो. तुला माहीत आहे, शाळा सातवीत सुटली तरी नाशिकच्या जुन्या बाजारातून आणलेली कायद्याची पुस्तकं मी समासात खुणा करत वाचली आहेत आणि गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्यांचे कागद त्यांच्याच भरवशावर वाचून दाखवतो. सगळं नियमात बसतं. माझा संताप तिथंच आहे. कोणी खोटी सही केली असती तर त्याची गचांडी धरली असती. इथं कोणाची धरू?

आणि गंमत ऐक. त्याच महिन्यात आपल्या पाड्यावर कायदेविषयक शिबिर झालं. टेम्पोतून खुर्च्या आल्या, आंब्याला बॅनर बांधला. वकीलबाई चांगलं बोलल्या, ते मी कबूल करतो. बाईमाणसाला, आदिवासीला फुकट वकील मिळतो, फक्त अर्ज करा म्हणाल्या. ऐकायला कोण? मी, अंगणवाडीची पोरं, आणि केरूआजा, ज्याला ढोल वाजला तरी ऐकू येत नाही. मी उठून म्हणालो, "मॅडम, हेच होळीला येऊन सांगा, गाव भरलेलं असेल." त्या म्हणाल्या, "काका, होळीला सुट्टी असते." केरूआजानं टाळ्या वाजवल्या. मग फोटो काढले. मागे रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून आम्हाला जवळ जवळ उभं केलं.

होळीला भागीमावशी आली. घर सारवायला घेतलं तर भिंतीवर कागद, त्याच्यावर गोल शिक्का. आता तिनं जे केलं ते आपल्याकडचं माणूसच करील. मला ती नंतर म्हणाली, "मागल्या टायमाला सर्वेवाल्यानं दाराशी नंबर टाकलेला, तो मी शेणानं सारवून टाकला. ग्रामसेवक लय भडकला. घरकुलातून नावच उडालं माझं. म्हणलं, या वक्ती चूक नाय करायची. सरकारनं लावलंय, जपायचं." म्हणून तिनं कागद सोडून भिंत सारवली. कडेनं गेरू दिला. तांदळाच्या पिठात बोटं बुडवून चारी बाजूंनी नक्षी काढली, नागलीची कणसं, सूर्य, चांद, मोर. नाचायला आलेल्या बाया नोटिशीला हात लावायला गेल्या तर तिनं त्यांना हाकललं, "पुसाल गं रांडांनो!" आणि सुनावणी होती होळीनंतरच्या सोमवारी. ती सोमवारी निफाडला होती, द्राक्षाचे घड उतरवत.

वैशाखात जेसीबी आला तेव्हा ती आडवी झाली नाही, रडली नाही. ड्रायव्हरचा हात धरून त्याला भिंतीपाशी घेऊन गेली. "ह्ये बघ, माझ्याकडं सरकारचा कागद हाय. नीट ठेवलाय. वाच आणि मशीन मागं घे." पोरगं सटाण्याकडचं, किशोर नावाचं. त्यानं वाचलं आणि टोपी काढली. म्हणाला, "मावशी, हाऊच तो कागद शे." हाच तो कागद. तिला वाटलं तो तिच्याच बाजूनं बोलतो आहे. ती हसली. मी तिथं पोचलो तेव्हा ती मला म्हणाली, "दादा, त्यानं वाचलं बरं का," आणि मागे मशीन चालू झालं.

मग मी अर्ज केला, फुकटचा वकील मिळवला. तो बिचारा चांगला आहे, पण त्याच्याकडं फायलींचा ढीग आहे. प्रांताकडं दाद मागितली, उशीर झाला म्हणून विलंबमाफीचा अर्ज जोडला. आमचं म्हणणं सरळ होतं, बाईला वाचता येत नाही, नोटीस तिला कळलीच नाही. गेल्या आठवड्यात समोरच्यांचं लेखी उत्तर हातात पडलं. त्यातलं वाक्य उतरवतो, "अर्जदार महिलेने सदर नोटीस जतन करून तिच्या सभोवती सुशोभन केलेले असून, त्यावरून तिला नोटिशीची पूर्ण जाणीव होती हे सिद्ध होते." सुशोभन! ज्यानं हा शब्द लिहिला त्यानं भाताचं रोप कधी हातात धरलेलं नाही. आणि पुराव्याला रंगीत फोटो जोडला आहे. बुधवारी तारीख आहे. तो फोटो टिकला तर उशीर माफ होत नाही, आणि मग राब कायमचा मुरमाखाली.

फोटो मी नव्या डोळ्यानं नीट पाहिला. कडेला भागीमावशी उभी आहे, हातात पिठाची वाटी, बोटं पांढरी. मी तिला विचारलं, हा कोणी काढला? म्हणाली, "मनालीनं. म्हणली, मावशी, हलू नको." समोरच्यांच्या वकीलपत्रावर तुझ्या सरांच्या नावाखाली तुझं नाव आहे, हेही मी पाहिलं. होळीला तू घरी आलीस तेव्हा माझ्या डोळ्याला पट्टी होती, घराबाहेर पडायचं नव्हतं, म्हणून त्या संध्याकाळी तू मला ती भिंत तोंडी सांगितलीस. कणसं, सूर्य, चांद, मोर. मी विचारलं, मधोमध काय आहे? तू म्हणालीस, "काहीतरी सरकारी चिकटवलंय." मी सहा दिवस झाले हेच उगाळतो आहे. तू वाचलं असतंस तर बोलली असतीस, एवढं मी माझ्या पोरीला ओळखतो. म्हणजे तू वाचलं नाहीस. कायद्याची पदवी घेतलेली तू, हातभर अंतरावर उभी राहिलीस आणि तुलाही नक्षीच दिसली. मग हेच शपथेवर सांग. आधी वकीलपत्रावरून नाव काढून घे, मग प्रतिज्ञापत्र कर, हा क्रम चुकवू नकोस. फोटो तू दिलास की सरांनी तुझ्या स्टेटसवरून उचलला, ते मला नको सांगूस, साहेबांसमोर सांग. नोकरी जाईल. जाऊ दे. मी हे लिहीत बसलो होतो तेव्हा भागीमावशी दळण घेऊन आली. तिला यातलं काही माहीत नाही, मी सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "पोरीला लिहितोस ना? मग लिही, बुधवारी येताना तो फोटो घेऊन ये म्हणावं. साहेबाला दाखवू, मी कागद किती जपला ते."

बुधवारी भागीमावशीच्या शेजारी उभा असेन. तू कुठं उभी राहशील ते तू ठरव. कुठंही राहिलीस तरी,

तुझाच,
दादा