आई खिंडीत बसली आहे

१२ जून, शुक्रवार

आई खिंडीत जाऊन बसली! दुकानाबाहेरची पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, एल्सी मावशीच्या टोयोटात टाकली, दोन कुत्री घेतली आणि निघाली. मला विचारणं नाही, सांगणं नाही.

कालच्या बैठकीचा राग. कंपनीचा साहेब — मिस्टर हॅल्डन, टोपी नवी कोरी — म्हणाला, "टेकडीला धक्का लागणार नाही. फक्त भोकं पाडून खाली युरेनियम किती आहे ते बघायचंय." आई म्हणाली, "खाली जे निजलंय ते निजू दे. त्या मातीत आम्ही चूलसुद्धा पेटवत नाही, माझ्या बापाची ताकीद आहे. आणि शेजारीच आमचा झिरा. लेकरांनी उद्या काय प्यायचं?" तो म्हणाला, "परवाना झालाय, आजीबाई." परवाना! टेकडी आईच्या बापाची आणि परवाना शहरातल्या कुणाचा तरी.

टेकडीकडे यंत्रं न्यायची तर खिंडीशिवाय वाट नाही. दोन्हीकडे खडक, मधून एक ट्रक जेमतेम जातो. आईने जागा बरोबर हेरली.

१५ जून, सोमवार

रेगी कंपनीचा ग्रेडर घेऊन रस्ता सपाट करायला गेला आणि चहा निवायच्या आत परत अंगणात. म्हटलं, काय झालं? "तिकडे कुणीतरी बसलंय."

कुणीतरी! माझ्याशी लग्न करून इतकी वर्षं झाली, पण माझ्या आईचं नाव त्याने एकदाही घेतलेलं नाही, तोंड धड बघितलेलं नाही. आमच्यात सासू-जावयाने समोरासमोर यायचं नाही म्हणजे नाही. बिचाऱ्याने लांबून खुर्ची ओळखली आणि तेवढं धूड त्या अरुंद वाटेवरून उलटं मागे आणलं. मला हसू आवरेना. तो नाही हसला.

१६ जून

ड्रिलचा ट्रक घेऊन क्लिफर्ड गेला. परत. मग मॉरिस. परत! सगळे रेगीच्याच गटाचे, आणि नातं गटावरून लागतं, म्हणजे सगळे आईचे जावईच, सख्खे नसले म्हणून काय झालं. हॅल्डनने बैठकीत ऐटीत सांगितलं होतं, "ड्रायव्हर सगळे तुमच्यातलेच घेतलेत." घे आता!

१९ जून, शुक्रवार

मी निरोप्या झालेय.

रेगी: "त्यांना सांग, जरा कडेला बसा म्हणावं. माझी नोकरी आहे."

खिंडीत जाऊन सांगितलं. आई कांगारूचं शेपूट निखाऱ्यात उलटंपालटं करत होती. म्हणाली, "त्याला सांग, कडेला ऊन लागतं."

घरी येऊन तेही सांगितलं. रेगी: "जूनच्या थंडीत ऊन? आज बादलीतलं पाणी गोठलं होतं!"

एल्सी मावशी म्हणते, "तूही बस की गं आमच्यात. नुसता चहा काय आणतेस?" पण मी बसून काय होणार? क्लिफर्ड-मॉरिसची मी वहिनी. भोंगा वाजवतील, चेष्टा करतील, वर माझ्याकडेच चहा मागतील. आणि संध्याकाळी घरात त्या फुगलेल्या तोंडासमोर कोण बसणार? मीच.

टेकडी मलाही हवी आहे. लहानपणी त्या झिऱ्याची वाळू मी हातांनी उकरलेली आहे. पण घरही हवंय.

२३ जून

हॅल्डनने दक्षिणेतून गोरा ड्रायव्हर आणला. तो खिंडीपर्यंत पोचलाच नाही — नदीच्या कोरड्या वाळूत ट्रक आसापर्यंत रुतला. ओढून काढायला आमच्या माणसांना बोलावलं. क्लिफर्ड गंभीर तोंडाने म्हणाला, "साहेब, त्या बाजूला आम्हाला जाता येत नाही." ड्रायव्हर धुळीने लाल होऊन गावी गेला.

आता दुसरा आणायची हॅल्डनची छाती नाही. पेपरवाली बाई आली होती. म्हातारी आणि तिच्यावर ट्रक घालणारा गोरा, असा फोटो त्याला नकोय.

२५ जून, गुरुवार

रेगीने सांगून टाकलं!

दुकानात हॅल्डन सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमची माणसं आळशी. काम दिलं तरी नको." रेगीच्या जिवाला ते लागलं. आयुष्यभर गुरं हाकली, रस्ते केले, आणि आळशी? त्याने सासूचं सगळं समजावून सांगितलं. हॅल्डन म्हणे टोपी काढून ऐकत होता. मग विचारलं, "मग असा कोणता गट, ज्याची ती सासू नाही?" आणि रेगीने तेही खरं खरं सांगितलं.

"अरे, गप्प बसला असतास तर तोंड झिजलं असतं का?"

"त्याने मला आळशी म्हटलं, रोझलिन."

मला त्याचा राग येतोय आणि त्याची कीवही येतेय.

२९ जून, सोमवार

नवे ड्रायव्हर. सगळे आमच्या टिआनाच्या नवऱ्याच्या, जेरोमच्या गटाचे, आईचे नातू लागणारे. नातवाला आजीची कसली भीती? तिचे पाय चेपतील आणि तिलाच चिडवतील. जेरोमही लागला कामाला. टिआना धावत सांगायला आली, गरोदर पोटावर हात धरून. "आई, त्याला पहिल्यांदा पगाराचं काम मिळालंय!" लेकीचा चेहरा असा उजळला होता. मी म्हटलं, बरं झालं.

१ जुलै, बुधवार

गेले. ड्रिल टेकडीच्या पायथ्याशी जाऊन उभं आहे.

मी चहा घेऊन खिंडीत होते. ट्रकचा आवाज आला. एल्सी मावशी म्हणाली, "जेरोम आहे गं." मी उठले आणि झुडपामागे गेले. सवयीने. पुढचं नुसतं कानांवर आलं. "आजी, सावलीत बसतेस का?" — आणि त्याने तिला खुर्चीसकट उचललं! आई खो खो हसत होती. "पाडशील रे, गाढवा!" मग इंजिन, मग धूळ.

धूळ बसल्यावर बाहेर आले. आई कडेला, कुत्री तिच्या पायाशी. हसू कुठल्या कुठे गेलेलं. डोळे पुसत म्हणाली, "नातवावर चिडताच आलं नाही मला." मग माझ्याकडे बघितलं. "तू झाडामागे कशाला गेलीस?"

"जेरोम आला म्हणून."

आई बघतच राहिली. मग बोटांवर त्याच्या गटाचे ड्रायव्हर मोजायला लागली.

उरलेली यंत्रं परवा येणार. ती आल्याशिवाय भोक पडत नाही, असं रेगी म्हणतो.

२ जुलै

टिआनाला सांगून आले, उद्या मी बसणार. आडून करायचं नव्हतं. ती रडली. म्हणाली, "माझ्या बाळाच्या तोंडचा घास काढतेस?" मी म्हटलं, त्याच्या तोंडचं पाणी राखतेय. तिने दार लावून घेतलं. फार वाईट वाटलं. परत येताना सबंध वाट रडले.

रेगीने माझी जाड गोधडी झटकून टोयोटात ठेवली.

३ जुलै, शुक्रवार

बसले. खिंडीच्या मधोमध, गोधडी अंथरून, रस्त्याकडे पाठ करून. सगळ्यात पुढे जेरोमचा ट्रक होता. लांबच थांबला. इंजिन बंद झालं, त्याच्या मागचंही, त्याच्याही मागचं. कुणी भोंगा वाजवला नाही. आई म्हणते, पोराने मान खाली घातली होती. घातली असेल. मी जावयाकडे बघत नाही.