तळाचा घोट

रविवार, २ नोव्हेंबर

आलो एकदाचा औशाला! लातूरपर्यंत उभ्याने, पुढे खिडकी मिळाली. सामान म्हणजे एक गादी, दोन पिशव्या आणि आईने जबरदस्तीने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. त्याचं तेल माझ्या एकुलत्या एक इस्त्रीच्या शर्टाला लागलं. असो, चटणी फर्मास आहे.

उद्यापासून मी इथल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. लोकांची थुंकी, लघवी आणि आणखी काय काय डबीतून घ्यायचं, काचपट्टीवर पसरायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. अशा माणसाला कशाची किळस येत नसेल असं लोकांना वाटतं. उलट आहे. कशात काय असतं हे ठाऊक असल्यामुळे मला सगळ्याचीच येते. दुसऱ्याने चहात बुडवलेलं बिस्कीट पाहिलं तरी मी माझा कप बाजूला ठेवतो. आई म्हणते, आपल्या घरात आणि सोवळेबुवा कुठून जन्माला आला!

खोली बसस्थानकामागे, किशनरावांकडे मिळाली. स्लॅबचं घर, चकचकीत फरशी, बोळात सोयाबीनने भरलेल्या कट्ट्यांची थप्पी. बियाण्याच्या दुकानात तीस वर्षं काढून ते आता घरीच असतात. त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं आणि सवयीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. काही हललं नाही. बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो लावायला खिळा हवा होता, तो त्यांच्या बायकोने, साखराबाईंनी, स्वतः आणून दिला. वर सांगितलं की हितं उजेड पडतोय, हितंच लावा. मला फार बरं वाटलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

लॅबमध्ये सोबतीला शिवांगी आहे, चाकूरची. रक्त काढताना तिचा हात इतका हलका की म्हातारी माणसं दुवा देऊन जातात. माझा हात थरथरतो. आज दोन काचपट्ट्या फोडल्या. झोप नाही, दुसरं काय.

हे एकदाच लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी बाबा झोपेतच गेले. मी हातभर अंतरावर गाढ झोपलो होतो. सकाळी आईने हाक मारली तेव्हा ते गार पडले होते. तेव्हापासून मी आणि आई दोघंही अर्धवट जागे असतो. ती माझा श्वास ऐकते, मी तिचा. आता मी इथे आणि ती हदगावला एकटी. म्हणून रोज नऊला तिचा फोन येतो. आधी विचारते, जेवलास का? मग विचारते, डोळा लागला का रे काल? मी हो म्हणतो. मी तेच विचारतो, तीही हो म्हणते. दोघंही अट्टल खोटारडे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

साखराबाईंनी माझे डोळे बघून ओळखलं. त्यांच्याकडे एक काढा आहे, घरात त्याला 'निवांत' म्हणतात. तगर, जटामांसी, ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा आणि गूळ, सगळं एकत्र आंबवलेलं. कंबरेएवढ्या चिनी मातीच्या बरणीत असतो, ती कट्ट्यांच्या मधोमध उबेला ठेवलेली. त्या म्हणाल्या, 'जीव धडधडतो, नीज येत न्हाई, समद्यावर येकच. दिवेलागणीला एक गिलास.'

वास भयंकर. चार दिवस पायात राहिलेल्या ओल्या मोज्यांचा, त्यात गूळ. रंग तपकिरी, ओतताना तार सुटते. वर जटामांसीचे तंतू तरंगतात, हुबेहूब केस. ते तंतूच आहेत असं मी स्वतःला समजावलं. आणि ग्लास एकच! आधी किशनराव प्याले, त्यांच्या मिशा बुडाल्या. मग साखराबाई. मग तोच, न विसळता, माझ्यापुढे. शेवटचा घोट म्हणे गिळायचा नाही. तोंडात चांगला घोळवायचा आणि परत ग्लासात सोडायचा. त्या दोघांनी तसंच केलं, साखराबाईंनी प्रत्येक चूळ एका वाटीत ओतून घेतली. ते पाणी मोरीत जात असेल, चूळच ती.

मी उठूनच जाणार होतो. पण नांदेडला शिकत असताना एका मित्राच्या घरी माझा कप वेगळा होता, खिडकीत पालथा घातलेला. आजीला तर पाणी वरून ओंजळीत ओतायचे. इथे घरमालक आपल्या तोंडचा ग्लास मला देतोय आणि मी नाक मुरडू? किळस हा शब्द आमच्या घरात जपून वापरतात. आजीवर तो फार वापरून झाला आहे.

प्यालो. ग्लासाच्या काठाला चिकट ओल होती, गरम. घोट घशातून सावकाश उतरला, मध्येच थांबला, मग पुढे गेला. चूळ ग्लासात सोडली आणि साखराबाई खूश झाल्या.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नऊ तास झोप! तीही सलग चौथ्या दिवशी. हात दगडासारखा स्थिर. शिवांगीने विचारलं, काय खाल्लंस? मी म्हटलं, मोजे.

असलं औषध एकट्याने घेऊन कसं चालेल? साखराबाईंकडून एक बाटली भरून घेतली आणि हदगाववरून जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली. आईने स्टँडवर जाऊन घेतली. तिचा पहिला प्रश्न, बाटली कुणाची? परत करताना त्यात काय घालू? आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही, मूठभर साखर तरी जातेच. साखराबाई फोनवर तिला म्हणाल्या, साखर नगं, तळाचा घोट तोंडात घोळवून बाटलीत सोडा, आमच्यात तीच रीत हाय. आईला ही माणसं फार आवडली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आईला झोप लागायला लागली. खरी. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही खोटं बोललो नाही.

मात्र दोन-तीन गोष्टी. सकाळी उठलो तर तोंडात तंबाखूची चव. मी आयुष्यात खाल्ली नाही. किशनराव खातात. परवा दात घासताना जीभ उजवीकडे गेली आणि दाढ सापडलीच नाही, नुसती मऊ, ओली हिरडी. घाबरून बोट घातलं. दाढ होती. जिभेला मात्र लागत नव्हती. साखराबाईंची उजवी दाढ पडलेली आहे.

दुपारी किशनराव बाजेवर बसले होते. माशी ओठावर बसली, आत गेली, बाहेर आली, दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा आत. त्यांनी हात हलवला नाही. मला शिसारी आली. मग लक्षात आलं, मी ते बघत बराच वेळ बसलो होतो आणि माझ्याही गालावर माशी होती.

दोन दिवस आईचा फोन आला नाही आणि मलाही करायचं सुचलं नाही. असं कधी होत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज लवकर घरी आलो. साखराबाई बरणीपाशी होत्या. कालच्या तिघांच्या चुळा त्यांनी वाटीत जपून ठेवल्या होत्या. त्या बरणीत ओतल्या आणि हात कोपरापर्यंत आत घालून ढवळल्या.

मी ओरडलो. त्यांना कळेना मी का ओरडतोय. त्या शांतपणे सांगायला लागल्या. विरजण कुठून आणणार, ज्याचं त्यानंच घालायचं. बरणी सासूच्या सासूपासूनची, कधी रिकामी झाली नाही, कधी धुतली नाही. ज्याचा घोट आत, त्याची नीज आत. नीज हितं ऱ्हाते, मानूस गिलासापुरता जागा होतो. मी विचारलं, आणि जो लांब गेला, ज्याला ग्लास मिळाला नाही? त्या म्हणाल्या, त्यो कशाला जागा होईल? तुमच्या आधीचा सत्यम हाय की हितंच. आणि बरणीवर हात फिरवला. कोपरावरून तार लोंबत होती, तिच्यात एक केस. तंतू नव्हता. पांढरा झालेला केस होता.

मोरीत बसून ओकलो. ओकारी बाहेर येईना, तार सुटून हनुवटीला लोंबत राहिली. बोटांनी ओढून काढावी लागली. साखराबाई मागे वाटी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, वाया घालवू नगा.

गुरुवार, २० नोव्हेंबर

काढ्याचा एक थेंब लॅबमध्ये नेला. काचपट्टीवर घेतला, निळा रंग घातला, वर झाकणकाच.

वनस्पतीचं फारसं काहीच नाही. सगळ्या गालाच्या आतल्या पेशी. माणसांच्या तोंडातल्या. थरावर थर. थुंकीत त्या दिवसा-दोन दिवसांत फुटून जातात, ह्या एकही फुटलेली नव्हती. आणि सगळ्या मिळून हळूच फुगत होत्या, हळूच बसत होत्या. मी माझा श्वास धरला. त्याही थांबल्या.

शिवांगीला सत्यमबद्दल विचारलं. माझ्याआधी माझ्याच जागेवर होता. माझ्याच खोलीत. दिवाळीला गावी गेला, झोपला, उठला नाही. ती मातीला जाऊन आली होती. चेहरा लई निवांत होता, म्हणाली.

काल ग्लास घेतला नाही, तर आज दुपारी लॅबमध्ये बसल्या बसल्या झोपलो. शिवांगीने तोंडावर पाणी मारलं तेव्हा उठलो. घरी येऊन — घेतला. लिहायला लाज वाटते. डोळे मिटून घेतला. एका दमात.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आईला फोन केला. नवव्या रिंगला उचलला. म्हटलं, बाटली ओतून दे, घोट बाटलीत सोडू नकोस. ती म्हणाली, संपली की कालच. आज घोट घालून बाटली कंडक्टरकडे दिली, उद्या सकाळी पोचेल.

आवाज मऊ. जड. जेवलास का विचारलं नाही. डोळा लागला का विचारलं नाही.

तो घोट बरणीत जाता कामा नये. एवढंच करायचं आहे. उद्या साखराबाईंच्या आधी स्टँडवर. बाटली घ्यायची, गटारात ओतायची, फोडायची. एवढंच. हातावर पेनाने लिहून ठेवलं आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

गाडी आली. बाटली मिळाली. माझ्या हातात होती, खरंच होती.

गटारापाशी उभा राहिलो. बूच काढलं. तळाशी घोटभर, त्यात मिश्रीचे काळे कण. आईची मिश्री. त्यावरून मी तिला किती बोलत असे. खाली गटारात डुक्कर, कुजलेला भाजीपाला, कुणाचं तरी बँडेज. त्यात आईचा घोट ओतू? तिची नीज त्यात —

विचार करायला घरी नेली. जरा बसून विचार करावा म्हणून. साखराबाईंनी ग्लास दिला. मी प्यालो. मग घाई कशाची होती ते आठवेना. हातावर काहीतरी लिहिलेलं होतं, घामाने पुसलं होतं.

बरणीचं झाकण उघडं होतं. भांडं रिकामं —

मीच ओतला. माझ्या हाताने. हात जरासुद्धा थरथरला नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

तोंडात मिश्रीची चव. कडू, जळकी. थुंकलो. थुंकी काळी. पुन्हा थुंकलो — वाटीत. वाटीत का थुंकलो?

आईचा फोन नाही. मी केला, वाजतो नुसता.

निघायला हवं. पण सत्यम गावी गेला होता. मी वाटेतच — आणि तिला उठवायला तिच्यासाठी ग्लास न्यावा लागेल. तोच. तिच्या तोंडाला तोच पुन्हा. भीती वाटते. लिहून ठेवतो, भीती वाटते, म्हणजे सकाळी आठवेल.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काल काय लिहिलं ते वाचलं. कशाची भीती?

आज काठ पुसला नाही. केस आला तोंडात. गिळला. किळस आली नाही. यायला हवी होती. आई म्हणायची सोवळे—

जिभेला पुढचा दात तुटका लागतोय. माझे दात धड आहेत. पुढचा दात तुटका आईचा, विहिरीवर पडली होती तेव्हाचा. त्याची धार मी लहानपणी बोटाने —

आई आली आहे.

फोन वाजतोय. आईच्या शेजारच्या धुरपताबाई. त्यांचा अकरावा फोन. उचलला. त्या रडत होत्या. दार आतून बंद हाय, हाका मारून मारून दमलो, तुजी माय महामाया ओ देत न्हाई, तू कवा येतूस?

आत्ता. सव्वादहाची गाडी आहे. हातभर अंतरावर झोपलो होतो तेव्हाही. या वेळी नाही. निघतोच. चप्पल घातली. साखराबाई दारात उभ्या आहेत, हातात —

घेऊन निघतो. फक्त एक घो